कडेची ओळ

माझ्या टेबलावर पंचवीस वर्षं एक लोखंडी सळई उभी होती. लाकडी ठोकळ्यात बसवलेली, वरचं टोक धारदार. जे पत्र छापायचं नाही ते तिच्यावर टोचायचं, अशी आमच्या कार्यालयाची रीत. १९९१ साली बेळगावातल्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात 'वाचकांची पत्रे' हे सदर माझ्याकडे आलं. ते काम कुणालाच नको होतं. ज्या सहकाऱ्यांनी ते माझ्या हवाली केलं त्यांनी सांगितलं ते एवढंच, "रोज पाच घ्यायची, बाकीची टोचायची. जागा तेवढीच आहे."

त्या 'टोचायची' या शब्दाबद्दल मला सांगायचं आहे. लोकांनी काय बोलावं हे आपल्या हातात नसतं, पण बोललेलं चौघांपर्यंत पोचवायचं की नाही हे कधी कधी एका माणसाच्या हातात येतं. तो माणूस मी होतो. हे काम दिसतं तितकं लहान नाही.

रोजचं टपाल दुपारी यायचं. पोस्टकार्डं, निळी आंतरदेशीय पत्रं, वहीतून फाडलेले रेघांचे कागद, दुकानाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलेला मजकूर. कुणी उन्हातान्हात सायकल मारत येऊन हातात देऊन जायचं आणि उद्याच यायला पाहिजे म्हणायचं. ऋतू बदलला की विषय बदलायचे. राकसकोप जलाशयाचं पाणी उतरलं की नळाची पत्रं, पहिल्या पावसानंतर गटारांची. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर अडकलेल्या लोकांची मात्र बारा महिने. ऑक्टोबर संपत आला की सीमाप्रश्न. १ नोव्हेंबरला इथे एकाच रस्त्यावर कुणाचा कर्नाटक राज्योत्सव असतो आणि कुणाचा काळा दिन, आणि दोन्हीकडची माणसं दुसऱ्या दिवशी एकाच मंडईत भाजी घेतात. एका घरातून तर मला तीन पिढ्यांची पत्रं आली. आजोबांनी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेबद्दल लिहिलं, मुलानं महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाबद्दल, नातवानं २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याबद्दल. तिघांची अक्षरं वेगळी, वाक्याची चाल एकच.

कचराही यायचा. 'हे पत्र वाचून अकरा जणांना पाठवा, नाही पाठवलंत तर घरात वाईट घडेल' अशी देवाच्या नावाची कार्डं, मूळव्याधीवरच्या औषधाची पत्राच्या वेशातली जाहिरात, लग्न जुळवणाऱ्यांची माहिती. ती टोचायला मला कधी विचार करावा लागला नाही. खोटी पत्रं मात्र सुरुवातीला ओळखू यायची नाहीत. महापालिकेची निवडणूक आली की एकाच वॉर्डातून नऊ-दहा पत्रं यायची, पाच-सहा निरनिराळ्या नावांची. सगळ्यांत एकाच उमेदवाराचं कौतुक, आणि सगळ्यांत 'कार्यक्षम' हा शब्द 'कार्यक्शम' असा. तेव्हापासून मी एक पद्धत धरली. नव्या लेखकाचं पत्र आलं की त्या पत्त्यावर एक कार्ड टाकायचं, 'आपले पत्र मिळाले, ते आपणच लिहिले आहे ना, कळवावे.' चार दिवस उशीर व्हायचा. पण जी कार्डं 'पत्ता सापडला नाही' असा शेरा घेऊन परत यायची, तीच मला सारं सांगून जायची. एका पोस्टकार्डाच्या किमतीत एवढी पक्की चौकशी दुसरी कुठली होईल असं मला वाटत नाही.

नावाचा प्रश्न याहून अवघड होता. 'आपला एक त्रस्त नागरिक' अशी सही असलेली पत्रं घ्यायची नाहीत, असा आमचा नियम. नियम बरोबर होता. नाव लपवून दुसऱ्याच्या अब्रूला हात घालणं सोपं असतं, आणि कायद्यानं त्याचा जाब छापणाऱ्यालाही द्यावा लागतो. भारतीय दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० या कलमांखाली अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत कैद होती, आणि १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यामुळे अंकावर ज्याचं नाव संपादक म्हणून छापलेलं असायचं त्याच्यावर जबाबदारी गृहीत धरली जायची. 'पत्रलेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ सदराखाली रोज असायची, पण तिच्या आडोशाला उभं राहून कुणी कोर्टातून सुटत नाही, हे मला एका वकिलांनी पहिल्या वर्षीच समजावलं होतं.

तरीही नियमाच्या कडेला माणसं उभी असायची. सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका औषधांच्या टंचाईबद्दल लिहायची, बसस्थानकावर रात्री काय चालतं ते एक कॉलेजची मुलगी लिहायची. त्यांची नावं छापली तर दुसऱ्या दिवशी त्यांचं काय होईल, हे कळायला मोठी अक्कल लागत नाही. अशा वेळी मला लोकहितवादी आठवायचे. १८४८ मध्ये 'प्रभाकर' या साप्ताहिकात त्यांची पत्रं येऊ लागली तेव्हा गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, आणि त्यांनी सही केली ती 'लोकहितवादी' अशी. मराठीतल्या सगळ्यांत धाडसी पत्रांवर लिहिणाऱ्याचं खरं नाव नव्हतं. मग मी असं ठरवलं, की नाव मला माहीत पाहिजे, वाचकांना माहीत असलंच पाहिजे असं नाही. आणि टोपणनावाच्या आडून अवस्थेवर बोलता येईल, माणसावर नाही. खात्यावर टीका चालेल. खात्यातल्या अमुक कारकुनाचं नाव घ्यायचं असेल तर स्वतःचंही द्यावं लागेल. पंचवीस वर्षांत ही रेघ मला फारशी हलवावी लागली नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र मी बरीच वर्षं चुकत होतो.

मी पुण्याच्या छापील मराठीवर वाढलेला. आलेलं प्रत्येक पत्र मी 'शुद्ध' करायचो आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. एकदा खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावातून एका आजींचं पत्र आलं, शेजारच्या पोराकडून लिहवून घेतलेलं. 'बस येती खरं थांबत न्हाई. डायवर बगतोय आनी जातोय. बाजाराचं ओझं डोस्कीवर घेऊन मी तीन मैल चाललो.' मी त्याचं केलं, 'बस येते, मात्र थांब्यावर थांबत नाही. त्यामुळे ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय होते.' छापून आलं. आठवड्यानं आजी स्वतः कार्यालयात आल्या. पदरात कात्रण होतं.

"हे कुणी लिवलं ओ?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आजी, तुमचंच पत्र आहे. जरा नीट केलं."

"नीट म्हंजे? ह्यात मी कुठं हाय? ओझं कुठं गेलं माझं?"

मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. कानडी आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या एका उंबऱ्यात राहिल्यात, त्यातून ही बोली तयार झाली आहे. बाईमाणसानं 'मी चाललो' म्हणणं ही तिच्या गावची रीत आहे, चूक नाही. तो 'खरं' मी काढला आणि त्याच्याबरोबर डोक्यावरचं ओझं, तीन मैल आणि बघून निघून जाणारा ड्रायव्हर, सगळंच काढून टाकलं. आजींचं मूळ पत्र मी पुढच्या रविवारी होतं तसं छापलं. त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घाच्या पलीकडे मी कुणाच्या वाक्याला हात लावला नाही. लांबी कमी करायची तर अख्खं वाक्य गाळायचं, उरलेलं त्याचं त्याच्यापाशी राहू द्यायचं.

शिव्यांचं काय करायचं, हे मला शहापूरच्या एका शेतकऱ्यानं शिकवलं. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या शिवारात बासमती पिकायचा. तांदूळ शिजायला लागला की गल्लीला कळायचं. त्या शिवारातून बळ्ळारी नाला जातो. तो गाळानं आणि जलपर्णीनं तुंबला की पावसाळ्यात पाणी शेतात शिरतं आणि आठ-आठ दिवस हटत नाही. त्या माणसाचं पत्र चार पानांचं होतं आणि त्यातली अडीच पानं शिव्यांची. पहिल्या वाचनात मी ते सळईकडे नेलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, शेवटपर्यंत वाचलं. तिसऱ्या पानाच्या खाली माहिती सुरू होत होती. पाणी कुठून शिरलं, कितव्या दिवशी रोप कुजलं, दुबार पेरणीला बियाणं कुठून आणलं, त्यासाठी बायकोचं काय गहाण पडलं. मी सायकल काढून बघायला गेलो. गुडघाभर पाण्यात बांध दिसत नव्हता. पत्रातला एक शब्द खोटा नव्हता.

मी शिव्या काढल्या, माहिती ठेवली आणि पत्र वरच्या जागी लावलं. दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात आला तो रागानंच. मला वाटलं होतं आभार मानेल. "सगळं छापलासा खरं माझा राग काढून टाकलासा," तो म्हणाला. "असं वाटायलंय, जणू मी अर्ज लिवलाय." त्याचं म्हणणं मला रात्रभर पुरलं. शिवी आणि राग एक नव्हे. शिवी समोरच्याच्या आईबापाला जाऊन लागते, राग नाल्याबद्दल असतो. शिवी काढताना मी राग धुऊन टाकला होता, कारण मला रागाचीच भीती वाटत होती. पुढे असं पत्र आलं की मी पेन्सिलीनं दोन खुणा करायचो, शिवीला फुली आणि रागाला रेघ. रेघ मारलेलं वाक्य जागा कमी असली तरी गाळायचं नाही.

आणखी एक सवय लागली. जे पत्र वाचून माझ्याच कपाळाची शीर तडकली, ते त्याच दिवशी ठरवायचं नाही. रात्रभर ठेवायचं. सकाळी ते बहुतेक वेळा निराळं दिसायचं. कधी जास्त वाईटही दिसायचं, पण तेव्हा निदान निर्णय माझा असायचा, माझ्या डोक्यातल्या उष्णतेचा नव्हे.

२०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्याच्या आधी आणि नंतर मिळून इतकी पत्रं आली की सळई भरून गेली. कुणी वेणुग्राम या जुन्या नावापासून सुरुवात केली, कुणी किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बसदी या जैन मंदिराचा दाखला दिला, कुणी बापजाद्यांच्या सातबाऱ्यावरचं नाव लिहून पाठवलं. पहिले पंधरा दिवस त्यात नवीन काही कळत होतं. मग लेखक एकमेकांच्या मुद्द्यांऐवजी आडनावांना उत्तरं देऊ लागले. कोण मूळचा कुठला, कुणाच्या घरात कुठली भाषा बोलतात. संपादकांशी बोलून मी चौकट टाकली, 'या विषयावरील पत्रव्यवहार येथे थांबवण्यात येत आहे.' खूप लोक नाराज झाले. तोंड बंद केलं म्हणाले. पण मला आजही वाटतं की ती चौकट आठवडाभर आधी टाकायला हवी होती. वाद बंद करणं म्हणजे विषय बंद करणं नव्हे. भांडणारे थकले नाहीत तरी ऐकणारे थकलेले असतात, आणि सदर त्यांचंही असतं.

त्याच दिवसांत एक बारीक प्रश्न आला. पत्राखाली काही लोक 'बेळगाव' लिहायचे, काही 'बेळगावी'. आमच्या दैनिकाची लेखनपद्धत 'बेळगाव' अशीच होती, आणि माझ्या मनातही तेच नाव आहे. बातमीत तेच राहिलं. पण पत्राखालचा पत्ता ज्याचा त्यानं लिहिला तसा ठेवायचा, असं मी संपादकांना सुचवलं आणि त्यांनी मान्य केलं. माणूस स्वतः कुठे राहतो हे दुसऱ्यानं दुरुस्त करू नये, असं मला वाटत होतं. त्यावरही पत्रं आली. तीही छापली, दोन्ही बाजूंची.

एक आजोबा दर वर्षी उन्हाळ्यात एकच पत्र पाठवायचे. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा ते पोरसवदा स्वयंसेवक म्हणून पाणी वाटत होते. पत्रात दर वर्षी तोच मांडव, त्याच घागरी. तरुण सहकारी म्हणायचे, तेच तेच कशाला? मी दर वर्षी चार ओळी तरी घेत आलो. ज्या वर्षी पत्र आलं नाही त्या वर्षी तीन वाचकांनी फोन करून त्यांची चौकशी केली.

आता सळईचं सांगतो. साधारण दहा-बारा वर्षांनी मी टोचण्याआधी आणखी एक कार्ड लिहायला लागलो. 'आपले पत्र वाचले. अमुक कारणाने छापता येत नाही.' दोन ओळी. रोज पंधरा-वीस कार्डं व्हायची, घरी नेऊन लिहायचो, बायको पत्ते घालायची. ज्याला उत्तर मिळालं तो बहुधा पुन्हा लिहायचा, आणि दुसरं पत्र पहिल्यापेक्षा चांगलं असायचं. ज्याला काहीच मिळालं नाही तो गप्प तरी व्हायचा, नाही तर ओरडायला लागायचा. ओरडणारे बरेचसे आपणच तयार केलेले असतात, हे मला त्या कार्डांनी दाखवलं.

पण एका माणसाला मी ते कार्ड टाकलं नव्हतं.

निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. सीमाभागात वातावरण तापलेला आठवडा होता, दोन दिवस दुकानं अर्धी उघडी, बस बंद. त्या टपालात एक पोस्टकार्ड कन्नडमध्ये आलं. खासबागचा पत्ता, मागावर काम करणारा माणूस. माझं कन्नड बसच्या पाट्या आणि सरकारी कागद वाचून शिकलेलं, अडखळणारं. अक्षर दाट होतं. एवढं लागलं, की तो पंधरा वर्षं आमचा अंक वाचतो, त्याला मराठी वाचता येतं पण लिहिता येत नाही. आम्ही फक्त आमच्या लोकांच्या फुटलेल्या काचा मोजतो, त्याच्या मागाच्या शेडची काचही त्याच आठवड्यात फुटली आहे, ती कोण मोजणार. आणि शेवटी ठसठशीत अक्षरात, 'नानु बिडुवुदिल्ल.' मी सोडणार नाही.

मी ते शेजारच्या सहकाऱ्याला दाखवलं. आम्ही दोघांनीही ती धमकी मानली. त्या आठवड्यात दुसरं काही सुचतही नव्हतं. धमकीची पत्रं सळईवर जात नसत. पोलिसांनी मागितली तर असावीत म्हणून वेगळ्या फायलीत लावायची असत. मी ते फायलीत लावलं. रात्रभर ठेवण्याची माझी सवय, शेवटपर्यंत वाचण्याची माझी सवय, उत्तराचं कार्ड, सगळं त्या दिवशी मी विसरलो.

२०१६ मध्ये निवृत्त होताना सदर एका मुलीकडे सोपवलं. चोवीस-पंचवीस वर्षांची, येळ्ळूरकडची, मराठी माध्यमात शिकलेली, पण कन्नड झरझर वाचणारी. तिच्या पिढीचं तसंच आहे. मी तिला फायली समजावून देत होतो. धमक्यांची फाइल उघडून ती एकेक पत्र बघू लागली, आणि त्या कार्डापाशी थांबली.

"सर, हे ह्या फायलीत का आहे?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं कार्ड हातात घेतलं आणि आडवं केलं. जागा संपली की आपली माणसं कार्डाच्या कडेला उभ्या ओळी लिहितात. मी आयुष्यभर तशी कार्डं वाचत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी ते फिरवलं नव्हतं. कडेला बारीक अक्षरात एक ओळ होती आणि तिच्या टोकाला बाण काढलेला, शेवटच्या वाक्याच्या आधी वाचावी म्हणून. तिनं वाचून दाखवली, 'पक्कदवरु पत्रिके बिडु एन्नुत्तारे.' शेजारीपाजारी म्हणतात, हा पेपर सोड.

नानु बिडुवुदिल्ल.

मी खुर्चीत बसलो. तिनं मला पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी घरी न जाता मी टेबलावर एक कोरं कार्ड घेतलं. खासबागचा पत्ता तोच घातला. आयुष्यात पहिल्यांदा कन्नडमध्ये पत्र लिहिलं. काचेबद्दल लिहिलं, उशिराबद्दल लिहिलं, कडेच्या ओळीबद्दल लिहिलं. अर्धा तास लागला. मग तिच्याकडे तपासायला दिलं. तिनं पेन्सिल उचलली, दोन-तीन ठिकाणी टोक टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"चुका आहेत काय गं फार?" मी विचारलं.

"आहेत सर," ती म्हणाली. "खरं राहू देत. कळतंय."